पदरात आणि पोटात

मराठीत चूक पदरात घालतात आणि अपराध पोटात घालतात. क्रियापद एकच, पण दिशा उलट. चूक पदरात घालायची ती चुकणाऱ्याच्या. हे तुझं आहे, तू केलंस, नाही म्हणू नकोस. अपराध पोटात घालायचा तो मात्र आपल्या. जे तुझं होतं ते मी गिळलं, आता त्याची वाच्यता नाही. पदरात घातलेली चूक समोरच्याने मुळी घेतलीच नाही, झटकून टाकली, तर अपराध पोटात घालायचा का? ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न पहिल्या शतकापासून आहे. पश्चात्तापावाचून क्षमा आहे की नाही?

नव्या करारात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की भावाने अपराध केला तर त्याची कानउघाडणी करा आणि तो पस्तावला तर त्याला क्षमा करा. दिवसातून सातदा चुकला आणि सातदा परत आला तरीही. यातला 'तर' स्पष्ट आहे. मार्कच्या अकराव्या अध्यायात मात्र असे काही नाही. तिथे सांगणे एवढेच, की प्रार्थनेला उभे असताना कोणाविषयी मनात काही असेल तर क्षमा करून टाका. तो 'कोणी' तिथे हजरही नाही. आपल्याला क्षमा झाली हे त्याला कदाचित कधी कळणारही नाही.

दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे: अफिएमी. 'अपो' म्हणजे दूर, 'हिएमी' म्हणजे पाठवणे, जाऊ देणे. धर्मग्रंथात येण्याआधी हा बाजारातला आणि कचेरीतला शब्द होता. कर माफ करणे, कैदी सोडणे, कर्ज सोडणे, नवराबायकोने एकमेकांना सोडणे, या सगळ्याला तो चाले. शुभवर्तमानांतही तो असाच मोकळा वावरतो. कोळी जाळी टाकून येशूमागे जातात तिथे अफिएमी, मुलांना माझ्याकडे येऊ द्या तिथे अफिएमी, आणि मत्तयच्या वर्णनात येशू प्राण सोडतो तिथेही अफिएमीच. त्याचे नाम आफेसिस. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची पोथी उघडून बंदिवानांच्या सुटकेचे वाचतो, त्यातली सुटका म्हणजे आफेसिस. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात पन्नासाव्या वर्षी जमिनी मूळ मालकांना परत जातात आणि दास मोकळे होतात, त्या वर्षालाही हाच शब्द आहे.

म्हणून मत्तयमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत पाप हा शब्द नसून ऋण हा शब्द आहे, आणि ऋण सोडायचे असते. मराठी प्रॉटेस्टंट भाषांतराने 'ऋण' आणि 'सोडणे' हे दोन्ही शब्द राखले, हे मला फार मोलाचे वाटते. सोडणे, सुटणे, सूट, सुटका हे मराठी कुटुंब अफिएमीच्या जितके जवळ आहे तितका आपला दुसरा कोणताही शब्द नाही.

येशू बोलत होता ती भाषा ग्रीक नव्हे, अरामी. त्या भाषेच्या सिरियाक रूपात ही प्रार्थना आजही म्हटली जाते, आणि तिथे क्रियापद आहे 'शबक': सोडणे. हेच क्रियापद वधस्तंभावरच्या आक्रोशात आहे. मार्कने तो अरामी शब्द ग्रीक लिपीत तसाच उतरवून ठेवला आहे, 'सबख्थानी', म्हणजे मला सोडलेस. ऋण सोड म्हणताना जे क्रियापद, तेच माझ्या देवा मला का सोडलेस म्हणताना. सोडण्यात मुक्ती आहे आणि सोडण्यातच टाकून जाणेही आहे. क्षमा फुकट पडत नाही, कोणीतरी तिची झीज सोसतो, असे ख्रिस्ती विचार सांगतो. अरामी ऐकणाऱ्याला ते त्या एका क्रियापदातच ऐकू येत असावे.

अफिएमीच्या बाजूने पाहिले तर अटीचा प्रश्न ढिला पडतो. कर्ज सोडायला सावकार एकटा पुरतो. ऋणकोच्या सहीची गरज नसते. तरी एक गोष्ट विसरून चालत नाही. जे कर्ज मोजलेले नाही ते सोडता येत नाही. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत याच गोष्टीपासून सुरू होतो. राजा दासांचा हिशेब घ्यायला बसतो. एका दासाकडे दहा हजार तालांत येणे निघते. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. दास पायांवर पडतो. तो काय मागतो हे नीट पाहावे. तो सूट मागत नाही, चुकलो म्हणत नाही. तो म्हणतो, दम धरा, सगळे फेडतो. इथले ग्रीक क्रियापद दीर्घ सोसण्याचे आहे, आणि संस्कृतात 'क्षम्' धातूचा अर्थ हाच: सोसणे. धात्वर्थाने बोलायचे तर दासाने क्षमा मागितली, म्हणजे सोसणूक, मुदत. राजाने दिली ती आफेसिस. त्याने मुदत वाढवली नाही, कर्जच सोडले. दास पस्तावला असे कथेत कुठेही नाही. उलट 6 कोटी दिनार आपण फेडू शकतो या भ्रमातच तो आहे.

पुढे तोच दास बाहेर येतो आणि 100 दिनारांसाठी दुसऱ्या दासाची मानगूट धरतो. मग राजा त्याला परत बोलावतो आणि सोडलेले कर्ज पुन्हा त्याच्या माथी येते. माझ्या मते या वादाचे सगळ्यात प्रामाणिक उत्तर याच कथेत आहे. क्षमा पश्चात्तापाआधी दिली गेली, पण पश्चात्तापावाचून ती टिकली नाही. पश्चात्ताप हे क्षमेचे मोल नव्हे. मोल द्यायचे तर 6 कोटी दिवस लागले असते. पण मोकळा सुटलेला माणूस आतून वळलाच नाही, तर मिळालेली सूट त्याच्या हातात राहत नाही.

'क्षमा' या शब्दाविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण त्याने आपल्याकडे एक गोंधळ केला आहे. क्षम, सक्षम, क्षमता हे सगळे त्याच धातूचे. सोसणे आणि समर्थ असणे हे अर्थ त्यात एकत्र नांदतात, आणि हा त्या शब्दाचा मोठेपणा आहे. दुबळ्याने गप्प बसणे म्हणजे क्षमा नव्हे, ज्याच्यात बळ आहे त्याने सोसणे म्हणजे क्षमा. पण व्यवहारात ताकदीचा अर्थ गळतो आणि सोसण्याचा तेवढा उरतो. मार खाणाऱ्या बाईला क्षमा कर म्हणून परत पाठवणारे तिला खरे तर सोस म्हणत असतात, आणि वर धर्माचा आधार देतात. लूकचे वचन त्यांनी पुरते वाचलेले नसते. त्यात क्षमेच्या आधी कानउघाडणी आहे. पदरात घालणे आधी, पोटात घालणे मग. ज्याने हिशेबच मांडू दिला नाही त्याच्यासाठी सूट मागणे हा दृष्टांताचा विपर्यास आहे.

'माफी'चा प्रवास वेगळा. शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि आपल्याकडे सारामाफी, शेतसारा यांच्या संगतीत रुजला. म्हणजे अफिएमीसारखाच महसुली शब्द. कोर्टात त्याची 'माफीचा साक्षीदार' ही जोडी झाली. या माफीला अट आहे, पण ती पश्चात्तापाची नाही. गुन्ह्याविषयी माहीत असलेले सगळे खरे आणि पूर्ण सांगायचे, एवढीच ती अट. दक्षिण आफ्रिकेत 1995च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला आणि आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याचे अध्यक्ष झाले. तिथेही राजकीय गुन्ह्यांना माफी देताना अट संपूर्ण कबुलीची होती, खेद व्यक्त करण्याची नव्हती. मनातला पश्चात्ताप कायद्याला मोजता येत नाही, कबुली मोजता येते. टूटू स्वतः धर्मगुरू. त्यांना हा फरक कळत नव्हता असे नाही. आयोगाच्या नावात त्यांच्या देशाने 'क्षमा' न लिहिता 'समेट' लिहिले, याकडे मी पुन्हा येतो.

आधी 'पश्चात्ताप'. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणे. प्राकृतातून झिजत आलेले याचेच घरगुती रूप 'पस्तावा'. शब्द एकच, पण मराठीने दोघांना वेगळी कामे दिली. महागात पडलेल्या व्यवहाराचा पस्तावा होतो, पश्चात्ताप नव्हे. 'पस्तावशील' ही धमकी आहे, 'पश्चात्ताप कर' हे आवाहन. ग्रीकमध्ये असेच दोन शब्द आहेत, आणि तिथे ते मुळातच वेगळे आहेत. एक मेतामेलोमाय: नंतर जीव टोचणे. दुसरा मेतानोइया: 'मेता' म्हणजे नंतर किंवा पालट, 'नूस' म्हणजे बुद्धी, मन. येशूला धरून देणारा यहूदा तीस नाणी परत आणून टाकतो, तिथे मत्तयने पहिला शब्द वापरला आहे. त्याचा जीव जळला, खरेच जळला, पण तो वळला नाही, जाऊन त्याने गळफास घेतला. करिंथकरांना लिहिताना पौल या दोन शब्दांना एका वाक्यात आणतो. देवाला धरून असलेले दुःख अशी मेतानोइया घडवते की तिच्याविषयी मागाहून मेतामेलोमाय होत नाही. म्हणजे असा पालट, ज्याचा पुढे पस्तावा होत नाही.

'पश्चात्ताप करा' हे आवाहन ऐकताना मराठी माणसाला ताप ऐकू येतो. ग्रीक माणसाला पालट ऐकू येत होता. तो किती व्यवहारी शब्द होता याचा एक जुना दाखला ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजच्या ग्रंथात आहे. इ.स.पू. 428 मध्ये मिटिलिनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले, आणि 427 मध्ये अथेन्सच्या सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव केला. हुकूम घेऊन एक जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी अथेन्सकरांना मेतानोइया झाली. पुन्हा सभा भरली, ठराव फिरवला आणि दुसरे जहाज पाठवले. त्याचे वल्हेकरी वल्ही न सोडताच जेवले, पाळीपाळीने झोपले, आणि पहिल्या हुकुमाची अंमलबजावणी होण्याआधी पोचले. या मेतानोइयेत डोळ्यांतले पाणी किती होते हे थुसिडिडीज सांगत नाही. जहाज पाठवले, हे सांगतो.

हिब्रूत तर हे सरळ पायांचेच क्रियापद आहे: 'शूव', परत फिरणे. संदेष्टे लोकांना सांगतात की माघारी फिरा. त्याचाच सिरियाक भाऊबंद 'तब', आणि सिरियाक नव्या करारात मेतानोइयेच्या जागी त्यावरूनच झालेला शब्द आहे. याच घराण्यातला अरबी शब्द 'तौबा', तो फारसीतून आपल्याकडे 'तोबा' म्हणून आला. तोबा तोबा म्हणत कानाला हात लावणारा मराठी माणूस मूळ अर्थाने 'फिरलो, फिरलो' म्हणत असतो. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जमिनीपर्यंत वाकून केलेल्या नमनालाच 'मेतानिया' म्हणतात. शब्द मनातून निघून गुडघ्यांपर्यंत आला.

लॅटिनने मात्र मोठी उलथापालथ केली. तिथे मेतानोइयेला 'पेनितेन्तिया' हा शब्द मिळाला. त्याचा मूळ अर्थ कमतरता वाटणे, असमाधान. पण उच्चारसाम्याने तो 'पोएना' म्हणजे शिक्षेशी जोडला गेला आणि मध्ययुगात त्याचे स्पेलिंगही तसेच झाले. 'पालटा' या हाकेची 'प्रायश्चित्त करा' अशी आज्ञा झाली. मेतानोइयेचा अर्थ या लॅटिन शब्दात नीट उतरत नाही हे तिसऱ्या शतकात तेर्तुलियनने दाखवले होते. पंधराव्या शतकात लोरेंझो वाल्लाने आणि पुढे इरॅस्मसने ग्रीक पाठ समोर ठेवून पुन्हा दाखवले. इरॅस्मसने आपल्या लॅटिन भाषांतरात शुद्धीवर येण्याच्या अर्थाचा शब्दही घातला. 1517 मध्ये ल्यूथरने मांडलेल्या पंचाण्णव प्रमेयांतले पहिलेच या शब्दाविषयी आहे. ही हाक एखाद्या विधीपुरती नसून सगळ्या आयुष्यासाठी आहे, असे ते प्रमेय. पुढल्या वर्षी आपले गुरू श्टाउपित्झ यांना पत्र लिहून त्याने कळवले की हा शब्द पूर्वी त्याला सर्वांत कडू वाटे आणि ग्रीक अर्थ कळल्यावर गोड झाला. एका शब्दाच्या व्युत्पत्तीने युरोपचा इतिहास वळला असे म्हणणे अति होईल. वळणाऱ्याच्या हाती ती होती, एवढे खरे.

कॅथलिक परंपरेने उत्तर दिले ते 1551च्या ट्रेंट परिषदेत. पापक्षमेच्या संस्कारात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई ही तीन अंगे तिने कायम केली. यातल्या पश्चात्तापाला लॅटिन शब्द आहे 'कोन्त्रीत्सियो'. त्याचा अर्थ चूर होणे, दळले जाणे. मराठीत आपण शरमेने चूर होतो, दुःखाने चूर होतो, त्यातलाच हा चूर. शिक्षेच्या भीतीने झालेला अपुरा पश्चात्ताप तो 'अत्रीत्सियो', नुसते घासले जाणे. पीठ होणे आणि ओरखडा उठणे यातला हा फरक. शब्द घडवणाऱ्याने माणसाचे मन जवळून पाहिले होते.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊन लूकच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहा. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना जगभर काय सांगत जायचे ते सांगतो. काही फार जुन्या हस्तलिखितांत तिथे 'पापक्षमेसाठी मेतानोइया' असे आहे, आणि इतर अनेकांत 'मेतानोइया आणि पापक्षमा'. 'एइस' की 'काय', 'साठी' की 'आणि', एवढाच काय तो भेद. 'साठी' घेतले तर पश्चात्ताप ही वाट ठरते, 'आणि' घेतले तर दोन्ही देणग्या शेजारी उभ्या राहतात. व्हॅटिकन आणि सिनाई ही चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखिते 'साठी'च्या बाजूने आहेत. तरी मी या अव्ययावर सगळा भार टाकणार नाही. लूकनेच वधस्तंभावरची ती प्रार्थना दिली आहे, ज्यात येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, कारण आपण काय करतो हे त्यांना कळत नाही. ही ओळही काही जुन्या प्रतींत नाही. पण ती लूकच्या विचाराशी किती जुळते ते त्याच्या दुसऱ्या ग्रंथात, प्रेषितांच्या कृत्यांत दिसते. तिथे पेत्र यरुशलेमच्या लोकांना सांगतो की तुम्ही अज्ञानाने ते केले हे मी जाणतो, तर आता पालटा आणि फिरा. मेतानोइयाही आली आणि फिरणेही आले. क्षमेची विनंती आधी वर गेली, पालटण्याची हाक मागाहून खाली आली.

ही हाकच गाळून टाकण्याचा धोका जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीत्रिश बॉनहॉफरने 1937 मध्ये ओळखला. नाझी राजवटीपुढे मान तुकवणाऱ्या चर्चला उद्देशून त्याने 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला. पश्चात्ताप न मागता क्षमेचा उपदेश करणे हे त्या स्वस्त कृपेचे एक लक्षण त्याने दिले. 1945च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिले. चर्च सामर्थ्यवंतांना उगाच सूट वाटू लागते तेव्हा या शब्दाची आठवण ठेवावी. ज्याचे लुटले गेले तो सोडेल तर सोडो. ज्याचे काही गेलेच नाही त्याने दुसऱ्याचे कर्ज माफ करू नये.

आता समेट. ग्रीकमध्ये तो शब्द कातालास्सो, 'आल्लोस' म्हणजे दुसरा यावरून झालेला. नाणी बदलून देणे, मग वैर बदलून मैत्री घेणे. अफिएमी एकट्याने होते, कातालास्सोला दोन हात लागतात. मराठी ख्रिस्ती लेखनात त्यासाठी 'समेट' रुळला आणि फार बरे झाले, कारण एकतर्फी समेट असे आपल्याला म्हणताच येत नाही.

दोन घटना शेजारी ठेवल्या की भेद दिसतो. 1999च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत जाळली गेली. ग्रॅहॅम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाळणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले, आणि कायद्याने आपले काम करावे हेही म्हटले. समोरून कोणी काही मागितलेले नव्हते. हे शुद्ध अफिएमी आहे, आणि हिशेब पुसल्याशिवाय केलेले आहे. दुसरी घटना इंदूरकडची. 1995 मध्ये सिस्टर राणी मारिया यांना समंदर सिंह याने बसप्रवासात भोसकून मारले. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे सुटल्यावर तो त्या कुटुंबाकडे मुलगा म्हणून जात राहिला. राखीला मनगट लागते, आणि समोरच्याने ते पुढे करावे लागते. हा समेट. पहिल्या घटनेतली क्षमा अपुरी होती असे मी म्हणणार नाही. ती जिथवर एकट्या माणसाला जाता येते तिथवर गेली.

प्रश्नाची एक उलटी बाजूही आहे, आणि ती क्वचितच मांडली जाते. पश्चात्ताप झाला, पदरी घातलेली चूक माणसाने घेतली, आणि तरी क्षमा आली नाही तर? करिंथच्या मंडळीत असे झाले. एका माणसाने अपराध केला, मंडळीतल्या बहुतेकांनी त्याला शिक्षा केली, तो खचला. पौलने लिहिले की आता पुरे. आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर दुःख त्याला गिळून टाकेल. इथे क्षमेसाठी तो अफिएमी वापरत नाही, 'खारिस' म्हणजे कृपा, दान यावरून झालेले खारिझोमाय वापरतो. ऋण सोडून भागणार नव्हते, काहीतरी हातात द्यायला हवे होते. पुढे तो म्हणतो की त्याच्यावरचे प्रेम 'पक्के करा', आणि इथले क्रियापद निखळ कायदेशीर आहे. मृत्युपत्र किंवा करार रीतसर कायम करण्यासाठी गलतीकरांच्या पत्रात पौल तेच वापरतो. पेशवाईतल्या कारकुनाने त्याच्या जागी शिक्कामोर्तब लिहिले असते. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब मजकूर संपतो तिथे, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये.